बायबल-अभ्यासाच्या नियतकालिकासाठी शोधलेख : पाठवण्याआधीची तयारी

हस्तमुद्रा

हिब्रू-ग्रीक मजकूर असलेला शोधलेख नियतकालिकाकडे पाठवण्याआधी काय काय करावं लागतं आणि न केल्यास नेमकं काय बिघडतं, हे एका ठिकाणी असावं म्हणून हा धागा. लेखातल्या मताबद्दल इथे बोलायला नको. लेख लिहून झालाय, आता पाठवायचाय, तिथून सुरुवात करू.

आधी नियमावलीची उतरंड. नियतकालिकाच्या स्वतःच्या सूचना सर्वांत वर. त्या जिथे गप्प आहेत तिथे बहुतेक इंग्रजी नियतकालिकांसाठी एसबीएलची, म्हणजे सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचरची शैलीपुस्तिका. ती जिथे गप्प आहे तिथे शिकागो मॅन्युअल. एसबीएलची पहिली आवृत्ती १९९९ची, दुसरी २०१४ची. पहिल्या आवृत्तीवरून काढलेली टाचणं अजून फिरत असतात, तेव्हा हातात असलेला कागद कोणत्या आवृत्तीवरचा आहे हे आधी बघा.

जर्मन परंपरेतल्या नियतकालिकांत अध्याय आणि वचन यांच्यामध्ये कोलन नसतो, स्वल्पविराम असतो. दोन सुट्या वचनांमध्ये टिंब येतं. म्हणजे इंग्रजी पद्धतीतलं '१:३, ७' तिथे '१,३.७' होतं. एका पद्धतीतून दुसरीत नेताना शोधा-आणि-बदला ही सोय सरसकट वापरू नका. ती वाक्यातले स्वल्पविरामही बदलते आणि पानांचे आकडेही. प्रत्येक जागा बघून मगच बदला.

फॉन्टबद्दल जाणकारांनी लिहावं. सर्वांत जास्त नासाडी तिथेच होते.

अनुस्वार

फॉन्टबद्दल लिहितो.

युनिकोडच्या आधीचे हिब्रू आणि ग्रीक फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत. पडद्यावर ग्रीक दिसायचं, पण फाइलमध्ये साठवलेली असायची रोमन अक्षरं. फॉन्ट नसलेल्या संगणकावर ती फाइल उघडली की शब्दाच्या जागी रोमन अक्षरांचा कचरा दिसतो. कृतिदेवमधला मराठी मजकूर दुसरीकडे उघडल्यावर जे होतं, अगदी तेच. जुन्या प्रबंधातले उतारे नव्या लेखात चिकटवताना हे अजूनही घडतं. ओळखायची सोपी युक्ती: सगळा लेख निवडा आणि फॉन्ट साधा टाइम्स न्यू रोमन करा. जिथे ग्रीक जाऊन रोमन अक्षरं उमटतील तिथे जुना फॉन्ट लपलेला आहे. हे नेहमी प्रतीवर करा, मूळ फाइलवर नको.

दुरुस्तीसाठी तो शब्द युनिकोडमध्ये नव्याने टाइप करणं किंवा बायबल सॉफ्टवेअरमधून पुन्हा घेणं, हेच खात्रीचं. परिवर्तक वापरलात तर आघातचिन्हं आणि श्वासचिन्हं एकेक करून ताडून बघा. एसबीएल हिब्रू, एसबीएल ग्रीक, कार्डो, एझ्रा एसआयएल हे फॉन्ट मोफत मिळतात आणि सगळे युनिकोड आहेत.

आता बारकावा, कारण इथे भलेभले फसतात. मसोरा पाठात, म्हणजे हिब्रू बायबलच्या परंपरागत पाठात, 'येरुशलाईम' (यरुशलेमचं हिब्रू नाव) बहुतेक ठिकाणी शेवटच्या योद अक्षराविना लिहिलेलं आहे. त्यामुळे लामेद या एकाच अक्षराखाली दोन स्वरचिन्हं येतात, आधी पतह किंवा कामत्स आणि मग हिरिक. युनिकोडने प्रत्येक स्वरचिन्हाला एक क्रमांक दिला आहे. हिरिकचा १४, पतहचा १७, कामत्सचा १८. एखाद्या प्रणालीने मजकुराचं सामान्यीकरण केलं की चिन्हं या क्रमांकानुसार पुन्हा लावली जातात आणि हिरिक पुढे येऊन बसतं. शब्द चुकीचा छापला जातो, आणि लेखकाच्या फाइलमध्ये तो बरोबर असतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. उपाय म्हणजे त्या दोन स्वरांच्या मध्ये 'कंबाइनिंग ग्राफीम जॉइनर' हे अदृश्य चिन्ह घालणं. लेखात यरुशलेमचा हिब्रू उल्लेख असेल तर हे आठवणीने करा.

ग्रीकमध्ये असाच एक छुपा प्रकार आहे. तीव्र आघात असलेल्या स्वराला युनिकोडमध्ये दोन सांकेतांक आहेत, एक आधुनिक ग्रीकच्या विभागात आणि एक विस्तारित ग्रीकच्या. दिसायला दोन्ही सारखे. पण अर्धे शब्द एकातून आणि अर्धे दुसऱ्यातून आले असतील तर शोधताना निम्मे सापडतच नाहीत, आणि शब्दसूची बनवताना एकच शब्द दोनदा येतो.

नवी_पाटी

उत्तम माहिती. एक शंका. इंग्रजी वाक्याच्या मध्ये हिब्रू उतारा आला की शब्दांची उलथापालथ होते. कंसही उलटे दिसतात. हा फॉन्टचाच दोष का?

अनुस्वार

नाही, तो दिशेचा प्रश्न आहे. देवनागरीत 'कि' लिहिताना वेलांटी दिसते आधी, पण साठवलेली असते 'क'च्या नंतर. म्हणजे साठवण्याचा क्रम वेगळा आणि दिसण्याचा वेगळा. हिब्रूत हेच संपूर्ण ओळीच्या पातळीवर चालतं. साठवताना अक्षरं वाचनाच्या क्रमाने असतात आणि दाखवताना संगणक ती उजवीकडून मांडतो.

यातून तीन ठिकाणी घोळ होतो.

एक, पीडीएफमधून उचललेला हिब्रू मजकूर. काही पीडीएफमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असतात. चिकटवल्यावर शब्द उलटे येतात, किंवा शब्द सुलटे पण वाक्य उलटं. म्हणून हिब्रू पीडीएफमधून घेऊच नका.

दोन, कंस. कुमरानच्या गुंडाळ्यांचा, म्हणजे मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांचा उतारा देताना तुटलेला आणि पुनर्रचित भाग चौकोनी कंसात घालतात. कंसाला स्वतःची दिशा नसते, तो शेजारच्या अक्षरांकडून दिशा घेतो. उताऱ्याच्या टोकाला आलेला कंस एका बाजूने हिब्रूला आणि दुसऱ्या बाजूने इंग्रजीला टेकतो आणि भलतीकडे तोंड करून बसतो. परिणाम साधासुधा नाही. वाचकाला वाटतं की शाबूत अक्षरं पुनर्रचित आहेत आणि पुनर्रचित अक्षरं शाबूत. अशा कंसाशेजारी 'उजवीकडून-डावीकडे' हे अदृश्य दिशाचिन्ह घाला. वर्डच्या 'इन्सर्ट सिम्बॉल'मध्ये ते मिळतं. अक्षरावरचं टिंब म्हणजे अक्षर बहुधा तेच, आणि छोटं वर्तुळ म्हणजे फक्त शक्य, हा फरकही फॉन्ट बदलताना पुसला जात नाही ना ते बघा.

तीन, हस्तलिखितांच्या खुणा. सिनाय प्रतीची, म्हणजे बायबलच्या एका प्राचीन ग्रीक हस्तलिखिताची खूण आलेफ हे हिब्रू अक्षर आहे. आलेफनंतर जागा सोडून '३३' हा हस्तलिखित-क्रमांक लिहिला की संगणक आकड्यालाही हिब्रूच्या ओढीने घेतो आणि दिसतं '३३, आलेफ' अशा क्रमाने. साक्षीदारांची, म्हणजे पाठाचा पुरावा देणाऱ्या हस्तलिखितांची यादी तिथेच चुकली. आलेफनंतर 'डावीकडून-उजवीकडे' चिन्ह घाला, नाहीतर सिनायसाठी सरळ ०१ हा क्रमांक वापरा. गणितातलं आलेफ चिन्ह वापरून काही जण वाट काढतात, कारण ते डावीकडून चालतं. मला ते पटत नाही. आकार वेगळा पडतो आणि हिब्रू आलेफ शोधताना ते सापडत नाही.

कोलनदास

फॉन्टइतकाच, किंबहुना जास्त, गंभीर विषय वचन-क्रमांकांचा आहे. फॉन्ट चुकला तर संपादकाला निदान दिसतं. क्रमांक चुकला तर कोणालाच दिसत नाही.

मसोरा पाठ, सेप्टुअजिंट (जुन्या कराराचं प्राचीन ग्रीक भाषांतर) आणि इंग्रजी भाषांतरं यांचे क्रमांक ठिकठिकाणी जुळत नाहीत. आपलं मराठी बायबल साधारणपणे इंग्रजी क्रमांकांनी चालतं, म्हणून मराठीतून संदर्भ आठवून लिहिणाऱ्याने विशेष जपावं. नेहमी अडखळायला लावणाऱ्या जागा अशा:

स्तोत्रसंहितेत मसोरा पाठ शीर्षकालाही वचन धरतो. लांब शीर्षक असेल तर एकाचा फरक पडतो. ५१, ५२, ५४ आणि ६० या स्तोत्रांत दोनाचा. स्तोत्र २३ सारखं छोटं शीर्षक पहिल्याच वचनात सामावतं, तिथे फरक नाही. म्हणजे 'नेहमी एक मिळवा' असा ठोकताळा चालत नाही. त्यात सेप्टुअजिंटची भर: तिथे ९ आणि १० मिळून एकच स्तोत्र आहे, त्यामुळे पुढची बरीच स्तोत्रं एकाने मागे सरकतात. इंग्रजीतलं ५१:१ हे मसोरा पाठात ५१:३ आणि सेप्टुअजिंटमध्ये ५०:३.

योएलाचं २:२८–३२ मसोरात ३:१–५ आहे आणि त्यापुढचा अध्याय तिथे चौथा ठरतो. मलाखीचं ४:१–६ मसोरात ३:१९–२४. यशयाचं ९:१ तिथे ८:२३, म्हणून ९:६ होतं ९:५. मीखाचं ५:२ होतं ५:१. गणनेचं १६:३६–५० होतं १७:१–१५. यिर्मयात तर सेप्टुअजिंटची मांडणीच वेगळी आहे. राष्ट्रांविरुद्धची भाकितं तिथे २५व्या अध्यायाच्या मध्यावर येतात आणि 'नवा करार' असलेलं ३१:३१ जाऊन पडतं ३८:३१ मध्ये.

करायचं काय? लेखभर एकच क्रमांकपद्धती ठरवा, पहिल्या तळटिपेत ती सांगा, आणि फरक असेल तिथे पहिल्या उल्लेखात दुसरा क्रमांक चौकोनी कंसात द्या. हिब्रू पाठावर युक्तिवाद असेल तर मसोराचा क्रमांक आधी.

पुस्तकांच्या संक्षेपांतही गफलत होते. एसबीएलच्या संक्षेपांपुढे पूर्णविराम नाही. फिलिप्पैकरांस पत्र म्हणजे 'पी-एच-आय-एल', फिलेमोन म्हणजे 'पी-एच-एल-एम'. शास्ते, यहूदीथ आणि यहूदाचं पत्र ही तिन्ही रोमन लिपीत जवळपास सारखी सुरू होतात. वाक्याची सुरुवात पुस्तकाच्या नावाने होत असेल तर संक्षेप नको, पूर्ण नाव लिहा. अध्याय-वचन न देता नुसता पुस्तकाचा उल्लेख असेल तेव्हाही पूर्ण नाव.

ऱ्हस्व_दीर्घ

लिप्यंतराबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते.

आलेफ आणि आयिन यांच्यासाठी रोमन लिप्यंतरात दोन वेगळी अर्धवर्तुळं आहेत. आलेफचं उजवीकडे फुगीर, आयिनचं डावीकडे. पुष्कळ जण त्याऐवजी कीबोर्डवरची एकेरी अवतरणचिन्हं वापरतात. वर्डची आपोआप-दुरुस्ती चालू असते आणि शब्दाच्या सुरुवातीला आलेलं प्रत्येक चिन्ह ती उघडणारं अवतरण करून टाकते. आलेफने सुरू होणारे सगळे शब्द त्यामुळे आयिनचे दिसायला लागतात.

हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. 'ओर' म्हणजे प्रकाश आलेफने लिहितात, 'ओर' म्हणजे कातडी आयिनने. उत्पत्ती ३:२१ मध्ये देवाने आदाम-हव्वेला कातड्याची वस्त्रं दिली, आणि उत्पत्ती रब्बा या यहूदी भाष्यग्रंथात (२०:१२) नोंद आहे की रब्बी मेईर यांच्या प्रतीत तिथे प्रकाशाची वस्त्रं असा पाठ होता. या पाठभेदावरच्या लेखात दोन्ही शब्दांना एकच चिन्ह लागलं तर लेखात उरलं काय? तसंच 'इम': आलेफने 'जर', आयिनने 'सोबत'. आपोआप-दुरुस्ती बंद करा आणि अर्धवर्तुळं युनिकोडमधूनच घ्या.

लिप्यंतर तिरप्या अक्षरांत द्यायचं, मूळ लिपीतला शब्द सरळ. मूळ लिपीला अवतरणचिन्हं नकोत, अर्थाला हवीत. दोन पद्धती उपलब्ध आहेत. तज्ज्ञांसाठी खालच्या-वरच्या टिंबांसह काटेकोर पद्धत आणि सर्वसाधारण वाचकांसाठी सोपी. एका लेखात एकच.

हस्तमुद्रा

@ऱ्हस्व_दीर्घ, उदाहरण चोख आहे. पण तज्ज्ञांच्या नियतकालिकात लिप्यंतर हवंच कशाला? मूळ लिपी दिली की काम भागतं.

ऱ्हस्व_दीर्घ

नियतकालिक मूळ लिपी छापत असेल तर मूळ लिपीच द्यावी, याला माझी हरकत नाही. पण शीर्षक आणि सारांश शोधसूच्यांमध्ये जातात, तिथे हिब्रू अक्षरांची हमखास मोडतोड होते. निदान तेवढ्यात लिप्यंतर ठेवावं. आणि मूळ लिपी देताना स्वरचिन्हं कुठे हवीत हेही ठरवा. युक्तिवाद स्वरांवर असेल तरच स्वर द्या. बायबल सॉफ्टवेअरमधून उचललेल्या उताऱ्यात गायनाची आघातचिन्हंही येतात. ती मुद्द्याची नसतील तर काढून टाका. काढताना मकाफ ही जोडरेघ निघून जाते का ते बघा, पुष्कळदा तीही साफ होते आणि दोन शब्द चिकटतात.

ग्रीकमध्ये वाक्यातून एकटा शब्द उचलला तर अंत्याक्षरावरचा गुरू आघात तीव्र करायचा. गुरू आघात पुढच्या शब्दामुळे आलेला असतो, पुढचा शब्दच नसेल तर त्याला आधार राहत नाही. पाठोपाठच्या आश्रित (एन्क्लिटिक) शब्दामुळे शब्दाला दुसरा आघात मिळालेला असेल तर तोही काढायचा.

तळघर

आता तळटिपा.

पहिल्यांदा पूर्ण संदर्भ, नंतर आडनाव, लघुशीर्षक, पान. 'तत्रैव'च्या जागचं लॅटिन 'इबिद' टाळा. शिकागोच्या २०१७च्या आवृत्तीनेही लघुसंदर्भच बरा असं म्हटलं आहे. कारण व्यवहारातलं आहे: समीक्षकाने सुचवलं म्हणून मध्ये एक टीप घातली की तिच्या खालचं 'इबिद' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवायला लागतं. 'टीप १४ पाहा' असले अंतर्गत संदर्भही हाताने लिहू नका. वर्डचा 'क्रॉस-रेफरन्स' वापरा, नाहीतर एक टीप वाढली की सगळे चुकले.

पानांच्या श्रेणी शिकागोच्या रीतीने: ३२१–२८, १०१–८, पण १००–१०४ पूर्ण. मध्ये जोडरेघ नव्हे, एन डॅश.

नियतकालिकांचे आणि मालिकांचे संक्षेप पुस्तिकेतल्या यादीतूनच घ्यावेत. नियतकालिकाचा संक्षेप तिरपा, ग्रंथमालिकेचा सरळ. या एका नियमात सर्वांत जास्त चुका होतात. शब्दकोशाचा संदर्भ पानाने न देता शब्दाखाली द्यायचा. मिश्ना, तोसेफ्ता, बाबिलोनी आणि यरुशलेमी तालमूद या यहूदी ग्रंथांच्या संदर्भाआधी अनुक्रमे एम, टी, बी, वाय ही लहान अक्षरं लागतात, कारण आतल्या भागांची नावं चौघांतही तीच आहेत. अक्षर विसरलं की 'बेराखोत २' म्हणजे नेमकं कुठलं, ते कळत नाही. बाबिलोनी तालमूदात पानाच्या दोन बाजू ए आणि बी अशा दाखवाव्या लागतात.

संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरोमध्ये एसबीएलची शैली आहे आणि लाटेक या जुळणी-प्रणालीत बिबलाटेक-एसबीएल. दोन्ही कामाला येतात, पण यंत्र तेवढंच देतं जेवढं आपण रकान्यात भरतो. संक्षेपाचा रकाना रिकामा असेल तर पूर्ण नाव छापलं जाईल. पाठवण्याआधी मूळ फाइल बाजूला ठेवा आणि प्रतीत 'अनलिंक सायटेशन्स' करा, नाहीतर संपादकाच्या संगणकावर टिपा हलतात.

टीकात्मक आवृत्तीचं, म्हणजे हस्तलिखितं ताडून सिद्ध केलेल्या पाठाच्या आवृत्तीचं नाव आणि वर्ष नक्की लिहा. ग्रीक नव्या कराराच्या नेस्ले-आलांट पाठाची २८वी आवृत्ती २०१२ची आहे, आणि सामान्य पत्रांच्या पाठात २७वीपेक्षा तिने ३०हून अधिक ठिकाणी बदल केला आहे. याकोबाच्या किंवा पेत्राच्या पत्रावरचा लेख आवृत्ती न सांगता पाठवला तर समीक्षक पहिला तोच प्रश्न विचारेल. हिब्रूसाठी बीएचएसच्या (बिब्लिया हेब्राइका स्टुटगार्टेन्सिया या आवृत्तीच्या) तळाशी दिलेल्या पाठभेदांवर पूर्ण विसंबू नका. यशयाच्या मोठ्या गुंडाळीची छायाचित्रं जालावर आहेत, सिनाय प्रतीचीही आहेत. पाठभेद लेखाचा कणा असेल तर छायाचित्र बघूनच लिहा.

नवी_पाटी

हे सगळं पहिल्याच वेळी करायचं? लेख नाकारला गेला तर मेहनत वाया.

तळघर

काही नियतकालिकं पहिल्या फेरीत कोणतीही एकसारखी शैली चालवतात. तिथे टिपांचा साज नंतर चढवला तरी चालेल. फॉन्ट, वचन-क्रमांक, आवृत्त्यांची नावं आणि अनामिकता मात्र पहिल्या दिवसापासून चोख हवीत, कारण समीक्षक पुरावा तपासतो तो त्यांच्याच आधारे.

कोलनदास

थोडा असहमत. टिपा नंतर करायच्या म्हटलं की पाननंबर तेव्हाच शोधावे लागतात आणि पुस्तक तोवर ग्रंथालयात परत गेलेलं असतं. संदर्भ पूर्ण आधीच नोंदवावा. त्याचा साज नंतर बदलला तरी हरकत नाही.

तळघर

मान्य. माहिती आधी, मांडणी नंतर, असं म्हणायला हवं होतं.

बिननावी

अनामिकतेबद्दल. परीक्षण दोन्ही बाजूंनी अनामिक असेल तर नुसतं पहिल्या पानावरचं नाव काढून भागत नाही. वर्डमध्ये 'फाइल', 'इन्फो', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' असं जाऊन लेखकाचं नाव पुसा. शेऱ्यांमध्ये आणि बदल-नोंदींमध्ये नाव राहतं, तेही काढा. आभाराची टीप काढा, मंजुरीनंतर परत घालता येते. 'मी अन्यत्र दाखवल्याप्रमाणे' हे वाक्य स्वतःच्या पुस्तकाच्या संदर्भासह असेल तर नाव उघडच झालं. स्वतःचा संदर्भ तिऱ्हाईताचा असल्यासारखा द्या. तो सगळा गाळूनही चालत नाही, कारण मग पुराव्यात भोक पडतं. फाइलच्या नावातही आडनाव नको.

शब्दमर्यादा बहुतेक ठिकाणी तळटिपा धरून असते. वर्डच्या शब्दगणनेच्या खिडकीत तळटिपा धरण्याची चौकट असते, तिच्यावर खूण आहे ना ते बघा. टिपांनी भरलेल्या लेखात हा फरक हजारांत जातो.

वर्ड फाइलसोबत पीडीएफही पाठवा, मागितली नसली तरी. हिब्रू कशी दिसायला हवी याचा तोच एक साक्षीदार असतो. फॉन्ट त्यात समाविष्ट आहेत याची खात्री करा.

नवी_पाटी

शेवटचा प्रश्न. मुद्रितं (प्रूफं) आली की हिब्रू ओळ न ओळ कशी तपासायची? माझं हिब्रू अजून अक्षरओळखीच्या थोडं पुढे आहे.

अनुस्वार

मुद्रितं कागदावर छापा आणि शेजारी तुमची पीडीएफ ठेवा. लांब उतारा दोन ओळींत मोडला असेल तर आधी तोच बघा. उताऱ्याचा पहिला शब्द वरच्या ओळीत असायला हवा. तो खालच्या ओळीत गेला असेल तर जुळणीत दिशा उलटली आहे. मग प्रत्येक उताऱ्याचं पहिलं अक्षर आणि शेवटचं अक्षर ताडा. अंत्य कफ, मेम, नून, पे, त्सादे ही पाच रूपं शब्दाच्या सुरुवातीला दिसली तर शब्द उलटा आहे. एवढं अक्षरओळखीवरही जमतं. मग दालेत-रेश, हे-हेत आणि बेत-कफ या सारख्या दिसणाऱ्या जोड्या, मग कंस, मग यरुशलेम.

दुरुस्ती कळवताना पान, ओळ, 'असे आहे', 'असे हवे' या चार रकान्यांत द्या. 'हवे'च्या रकान्यात हिब्रू टाइप करू नका, बरोबर शब्दाचं चित्र चिकटवा. टाइप केलेला शब्द वाटेत पुन्हा उलटण्याची शक्यता असते, चित्र उलटत नाही.